आत्या, गिलावा राहिला होता

आत्या, भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही गेलात, हे काही बरं केलं नाहीत. सासू-सुनेचं भांडण असं एकतर्फी बंद करता येत नाही. गेले पंधरा दिवस घरात जो येतो तो सांगतो, गयाबाई किती शांत गेल्या, कुणाला त्रास दिला नाही. मी मान हलवते. मनात म्हणते, मला दिलाय की! दारासमोरच्या बदामाच्या झाडाभोवती विटांचा गोल पार बांधलात, त्याला गिलावा करायचा की नाही यावर माझ्याशी महिनाभर वाद घातलात, आणि माझं उत्तर ऐकायच्या आत निघून गेलात.

रविवारच्या पुण्यानुमोदनाच्या कार्डावर तुमच्या विजयने तुमच्या नावाआधी ‘कालकथित’ छापून आणलं, गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात ते. तपासायला माझ्याकडे दिलं, कारण आपल्या घरात शुद्धलेखन माझ्याकडे आहे. मी बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसले आणि शेवटी फक्त पिनकोड तपासून कार्ड परत दिलं.

तुम्हाला आठवतं का, तुम्ही मला बघायला आला होतात तो दिवस? माझी आई पोह्यांची बशी घेऊन उभी, विजय खाली मान घालून बसलेला, आणि तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "तू बिल्डिंगीचे कागद काढतीस म्हणं?" मी म्हटलं, हो, ठाण्याला आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. "मग जिन्याचं वळण एवढं चिंचोळं कशापायी काढता गं? डोक्यावर विटांची फळी असली की भिंतीला कोपरा लागतो. माझ्या दोनदा विटा पडल्यात." तीस वर्षं तुम्ही बाळकुमच्या बाजूला बांधकामांवर विटा वाहिल्या होत्या, हे मला माहीत होतं. पण मुलगी बघायला येऊन कुणी जिन्याची तक्रार करेल, हे नव्हतं. मी तिथेच नियम, पायरीची रुंदी, जागेची टंचाई असं सगळं सांगायला लागले. पोहे गार झाले. जाताना तुम्ही माझ्या आईला म्हणालात, "पोरगी भांडती चांगली. पसंत हाय."

त्या दिवसापासून आपलं जे सुरू झालं ते कधी थांबलंच नाही. भाजीत शेंगदाण्याचं कूट किती, कपडे आधी धुवायचे की भांडी, कशावरूनही. मानपाड्याच्या या बैठ्या चाळीत आपल्या दोघींचा आवाज चौथ्या खोलीपर्यंत जायचा. शेजारच्या पेडणेकर वहिनींना सुरुवातीला काळजी वाटायची. मग त्यांना कळलं की आपण गप्प बसलो की काळजी करायची.

पाराचं खूळ तुमचंच. दारासमोर बदामाचं झाड, त्याची एवढी छान सावली, आणि चाळीतल्या बायका बसायच्या पालथ्या बादलीवर. तुमच्या गुडघ्यांना बादली परवडेना. त्यात पलीकडच्या चाळीची कंपाउंडची भिंत पाडली आणि विटांचा ढीग नुसता पडून राहिला. तुम्ही तिथे गेलात, दोन विटा उचलल्यात आणि एकमेकींवर आपटून कानाशी धरल्यात. खण्ण आवाज आला. तुम्ही असा चेहरा केलात, जणू बाजारात स्वस्तात हापूस मिळालाय. त्या संध्याकाळी चाळीतल्या सगळ्या बायका विटा वाहत होत्या आणि तुम्ही मात्र, जन्मात पहिल्यांदाच असेल, नुसत्या उभ्या राहून ढीग कुठे लावायचा ते सांगत होतात.

मी म्हटलं, ड्रॉइंग मी काढते. कॉम्प्युटरवर काढून, छापून आणून तुमच्यासमोर ठेवलं. तुम्ही चष्मा लावून बघितलंत. "गोल कशाला? चौकोनी कर की. वीट चौकोनी असती."

"झाड गोल आहे ना, आत्या."

तुम्ही एकदा झाडाकडे बघितलंत. "मग विटा कापाव्या लागतील. हरेक वीट. एका अंगानं निमुळती."

"कापू की," मी म्हटलं. कॉम्प्युटरवर मी एक वीट कापली होती आणि एक बटण दाबून ती चाळीस वेळा गोल फिरवली होती. मला त्यात काही अवघड वाटलं नव्हतं. तुम्ही त्यावर जे हसलात त्याचा अर्थ मला पुढच्या आठवड्यात कळला.

पहिल्या रविवारी विजयने मित्राकडून कटर मशीन आणलं. मीच मागवलं होतं. मशीनने कसं, सरळ, स्वच्छ काम होतं, असं मी तुम्हाला ऐकवलंही होतं. मशीन सुरू झालं आणि दोन मिनिटांत अख्खी चाळ लाल झाली. पेडणेकर वहिनींचे पापड वाळत होते, ते लाल. दोरीवर त्यांच्या मिस्टरांचा पांढरा शर्ट होता, तो लाल. वहिनी बाहेर आल्या, शर्टकडे बघितलं, पापडांकडे बघितलं आणि थेट मशीनची पिन काढली. म्हणाल्या, "प्रज्ञा, हा शर्ट तू धुवायचास आणि हे पापड तूच खायचेस." तुम्ही दारात बसून पदरात तोंड लपवून हसत होतात. विजयने त्याच दुपारी मशीन परत केलं आणि मी शर्ट तीन पाण्यांतून काढला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर तुम्ही झाडाखाली बसला होतात. डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला तो मोठा काळा चष्मा. कपची डोळ्यात जाऊ नये म्हणून. समोर वीट, आणि विटेखाली तुमची चुंबळ. जी चुंबळ तुम्ही तीस वर्षं ओझ्याखाली डोक्यावर ठेवलीत, ती ट्रंकेतून काढून विटेखाली ठेवली होतीत. मी विचारलं, ही कशाला? तुम्ही म्हणालात, "फरशीवर ठेवून मारलं की वीट भलतीकडंच फुटती. खाली मऊ पाहिजे. माझं डोकं नाय फुटलं एवढी वर्सं, वीट कशाला फुटंल?"

तुमची कापायची रीत मी अजून डोळे मिटून सांगू शकते. खिळ्याने रेघ ओढायची, पण नुसती वरून नाही, चारही बाजूंनी. मग छिन्नी त्या रेघेवरून हळूहळू चालवायची, टकटक, टकटक, वीट फिरवत. जोर कुठेच नाही. आवाज बदलेपर्यंत फिरवायची. आणि आवाज बदलला की एकच घाव. वीट दोन भाग होऊन पडायची. कापून झालेली वीट पाण्याच्या पिंपात टाकायची आणि बुडबुडे थांबेपर्यंत राहू द्यायची. मी पहिल्या दिवशी पाच विटांचा चुरा केला. तुमच्याही तीन फुटल्या, पण त्या तुम्ही झाडामागे लपवल्यात. मी बघितल्या होत्या, आत्या. आज सांगते.

मी विचारलं, तुम्हाला हे कुणी शिकवलं? तुम्ही म्हणालात, कुणी नाही. साइटवर बाईने घमेलं उचलायचं, विटा उचलायच्या, पाणी मारायचं. मिस्तरी पुरुष, बिगारी बाया. एकदा एक मिस्तरी जेवायला गेला होता तेव्हा तुम्ही त्याची थापी उचलून दोन विटा बसवल्यात. त्याने परत येऊन त्या काढल्या आणि पुन्हा बसवल्या, अगदी तिथेच, तशाच. हे सांगताना तुम्हाला रागही आला नाही. उलट म्हणालात, "म्हंजी माझ्या बरोबरच बसल्या व्हत्या." आणि मग सांगितलंत की डोक्यावर ओझं असलं की मान खाली करता येत नाही, वर करता येत नाही, सरळ समोर बघावं लागतं. आणि समोर नेमके मिस्तरीचे हात असतात. तीस वर्षं तुम्ही दुसरं काही बघितलंच नव्हतं. मी बी.आर्क. झालेल्या लोकांबरोबर काम करते, त्यांच्यातल्या कुणी कुठल्याच गोष्टीकडे इतकं नीट बघितलेलं मला माहीत नाही.

झाडाभोवती सुंभाचा फास टाकून तुम्ही वर्तुळ आखलंत आणि मला बिगारी केलंत. "माल आण." मी सिमेंट-वाळू कालवून आणली. "हे काय हाय? आमटी केलीस का? पुन्हा कर." मी पुन्हा केला. "आता भाकरीचं पीठ झालं." ऑफिसात माझ्या हाताखाली दोन मुलं आहेत, त्यांना मी असं कधी बोलले तर ती नोकरी सोडून जातील. एकदा वैतागून मी म्हटलं, "हो, आणते, मिस्तरी." तुम्ही एकदम थांबलात. इकडेतिकडे बघितलंत, कुणी ऐकलं का म्हणून. गाल लाल झाले होते, आणि ते विटेच्या धुळीने नव्हते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी आत्या म्हटलं की तुम्हाला ऐकू यायचं नाही, मिस्तरी म्हटलं की लगेच वळायचात.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले.

विटा कापायला मी तुम्हाला पुठ्ठ्याचा नमुना करून दिला होता. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर ड्रॉइंगप्रमाणे मोजून कापलेला. तो विटेवर ठेवायचा, रेघ ओढायची, कापायचं. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, "पोरी, पुठ्ठा विटेच्या बाहेर येतोय गं. थोडासाच." मी ऑफिसच्या फोनवर होते. वळूनसुद्धा न बघता म्हटलं, "विटेतच खोट असेल. ड्रॉइंग बरोबर आहे, तुम्ही कापा." एरवी मिठावरून माझ्याशी तासभर भांडणाऱ्या तुम्ही, कागद म्हटल्यावर गप्प बसलात. साइटवर तीस वर्षं तुम्ही बघितलं होतं की कागद आला की सगळे गप्प बसतात, मिस्तरीसुद्धा. माझ्याही कागदाला तुम्ही तोच मान दिलात आणि आठवडाभर चाळीस विटा कापल्यात.

पहिला थर बसत आला तेव्हा दिसलं. वर्तुळ मिटेना. सगळ्या विटा संपल्या आणि बरोबर आपल्या दारासमोर दीड विटेची फट उरली. मी पळत जाऊन कागद आणला, टेप आणला, आणि तिथेच मला कळलं. मी पुस्तकातली वीट काढली होती. जुन्या भिंतीतली खरी वीट तिच्याहून दीड सूत लहान होती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एका विटेत ते डोळ्याला दिसत नाही, पण चाळीस विटांनंतर दाराएवढं दिसतं. तुम्हाला ते पहिल्याच विटेत दिसलं होतं. तुम्ही सांगितलंही होतं.

मी वाट बघत होते की आता तुम्ही मला फाडून खाणार. तुम्ही फक्त कागदाची घडी घातलीत आणि म्हणालात, "कागदावरची वीट कुणी डोक्यावर घेतलीय का?" एवढंच. रागावला असतात तर बरं झालं असतं, आत्या. मग मलाही ओरडता आलं असतं आणि नंतर माफी मागता आली असती. तशी सोय तुम्ही ठेवली नाहीत.

मी घाईघाईने म्हटलं, एक अख्खी लावू आणि एक अर्धी, झालं. तुम्ही मान हलवलीत. "अर्धी डोळ्यात खुपती. आयुष्यभर दिसत राहील, इथं चुकलं म्हणून." मग तुम्ही दोन विटा घेतल्यात आणि दोन्ही पाऊण-पाऊण कापल्यात. पाऊण आणि पाऊण मिळून दीड. शिवाय दोन्ही निमुळत्या, बाहेर रुंद, आत अरुंद. त्या कापताना तुम्ही मला बोलू दिलं नाहीत. एकाही विटेचा टवका उडाला नाही. दोन्ही बसवल्यात आणि मागे सरून मला म्हणालात, "आता सांग, कुठं चुकलं व्हतं?" मला माहीत असूनही सापडेना. माझी चूक तुम्ही अशी मिटवलीत की मलाच दाखवता येईना.

पुढचे थर सरसर झाले, कारण पुठ्ठा आता तुम्ही कापला होतात.

आणि मग आपलं भांडण. पार उभा राहिला, लालबुंद, सुरेख. तुम्ही म्हणालात, आता गिलावा करू. मी म्हटलं, मुळीच नाही. एवढ्या कापलेल्या विटा झाकायच्या? आमच्या ऑफिसात लोक मुद्दाम विटा उघड्या ठेवायला सांगतात, त्याचीच आता फॅशन आहे. तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "ज्याला गिलावा परवडतो, त्याला उघडी वीट शोभती."

मी म्हटलं, असं काही नसतं. मग तुम्ही ते सांगितलंत. साइटवर काम असेपर्यंत तुम्ही सगळे तिथेच राहायचात, तळमजल्यावर, उघड्या विटांच्या खोल्यांत. विजय तिथेच रांगला, तिथेच चालला. आणि एकदा गिलावेवाले आले की मुकादम सांगायचा, चला, उचला. गिलावा सुरू झाला की विटांची गरज संपली, म्हणजे तुमची संपली. पुढच्या साइटवर, पुन्हा उघड्या विटांत. "मी येवढ्या भिंती केल्या, पर गिलावा झालेली एक बी आतनं बघितली न्हाई," असं म्हणालात आणि तांदळातला खडा काढून बाजूला ठेवलात. आवाजात काहीही नव्हतं. जसं काही दूध संपलंय हे सांगताय.

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "बघू."

तुम्ही रोज विचारत राहिलात, मी रोज बघू म्हणत राहिले. हट्ट होता माझा. मला वाटत होतं मी तुमच्यासाठीच भांडतेय. येणाऱ्या-जाणाऱ्याला तुमचं काम दिसावं म्हणून.

तुम्ही गेल्यावर विजय म्हणाला, "रविवारी सगळे येतील. त्याआधी मिस्तरी बोलवून गिलावा करून घेऊ या. आईचं तेवढंच राहिलंय."

मी म्हटलं, "अरे, झाकून टाकायचं? त्या दोन पाऊण विटा? तुला कळतंय का तू काय बोलतोयस?"

"मला कळतंय. तूच ऐकत नाहीयेस. आधी तिचं ऐकलं नाहीस, आता माझं." असं तो मला कधी बोलत नाही. दोघंही जेवलो नाही त्या दुपारी.

कार्यक्रमाच्या आधीच्या मंगळवारी मी ऑफिसला गेले. घरात नुसतं बसवत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलमधला पाराचा फोटो मी सगळ्यांना दाखवला. त्या दोन विटांचा, जवळून काढलेला. मला वाटलं, इथे तरी कळेल. आमच्यातल्या एकीने फोटो मोठा करून बघितला आणि खूप मनापासून म्हणाली, "किती रॉ आहे ना! मुद्दाम असं ओबडधोबड ठेवलंय, मस्त वाटतंय."

आत्या, ओबडधोबड! मला त्या मुलीचा इतका राग आला की मी डबा बंद केला. मग खिडकीपाशी जाऊन उभी राहिले आणि हळूहळू तो राग माझ्याकडे वळला. तिचं काही चुकलं नव्हतं. ती कौतुकच करत होती. तिला उघडी वीट दिसली आणि तिने ते कुणाचं काम आहे हे न विचारता ती कसली फॅशन आहे ते सांगितलं. मी तुम्हाला अगदी हेच सांगितलं होतं. आयुष्यभर गिलाव्यावाचून राहिलेलं तुमचं काम मी फॅशन म्हणून तुमच्याच गळ्यात घालत होते, आणि वर तुमच्यासाठी भांडतेय म्हणत होते.

बुधवारी रजा काढली. विजयला म्हटलं, सिमेंट आण. तो म्हणाला, मिस्तरीला फोन करतो. मी म्हटलं, नको, मी करणार. तो फोन ठेवून वाळू चाळायला बसला. चाळता चाळता म्हणाला, "त्या दोन विटांपुरती जागा उघडी ठेवू या का? चौकट करून? तुझंही राहील, तिचंही राहील." चांगला आहे तुमचा मुलगा. पण मी नाही म्हटलं. गिलावा करायचा तर पूर्ण करायचा, अर्धवट तुम्हाला चाललं नसतं.

गिलावा करायच्या आधी मी भिंतीवर पाणी मारलं आणि दारासमोरच्या त्या दोन विटांपाशी थोडी बसले. जे तेव्हा बोलले नाही ते तिथे बोलले. पुठ्ठा चुकला होता, आत्या. वीट बरोबर होती. तुम्ही बरोबर होतात आणि मी फोनवर होते. पेडणेकर वहिनींना वाटलं मी स्वतःशी बडबडतेय. त्यांनी काही न विचारता चहा आणून ठेवला.

गिलावा म्हणजे काय असतो ते मला त्या दिवशी कळलं. थापीने भिंतीवर मारलेला अर्धा माल माझ्याच पायावर पडत होता. हात गोल फिरत नव्हता. आमटी, भाकरीचं पीठ, दोन्ही करून झालं, मग जमलं. संध्याकाळपर्यंत माझा खांदा माझा राहिला नाही. तुम्ही तीस वर्षं विटांचं ओझं वाहिलंत आणि घरी येऊन वर विजयला अभ्यासाला बसवलंत, हे मला माहीत होतं. अंगाला कळलं ते त्या दिवशी. मग तीन दिवस ओली बारदानं टाकून, सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. रविवारपर्यंत पार तयार झाला. गुळगुळीत म्हणणार नाही. बोट फिरवलं की लाटा लागतात. पण कुठेही एक वीट उघडी नाही.

काल कार्यक्रम झाला. बुद्धवंदना झाली, पांढऱ्या साड्यांनी खोली आणि अंगण भरून गेलं. एकेक जण उठून बोलला. सगळे म्हणाले, गयाबाई कष्टाळू, डोक्यावर विटा वाहून मुलगा शिकवला. खरंच आहे ते. पण मला ऐकताना चिडचिड होत होती. जो तो तुमच्या डोक्याबद्दल बोलत होता, हातांबद्दल कुणी बोलेना. विजयने मला बोलायला सांगितलं. मी चिठ्ठीवर सगळं लिहून ठेवलं होतं, वर्तुळ, पुठ्ठा, पाऊण विटा. उभी राहिले, चिठ्ठी उघडली आणि न वाचताच पुन्हा तिची घडी घातली. हात जोडले आणि खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा तुमची सून गप्प बसली, तीही नको तिथे.

जेवणं झाल्यावर मी बाहेर आले, तर झाडापाशी हौसाबाई उभ्या होत्या. तुमच्या साइटवरच्या जोडीदारीण, ज्यांनी तुमच्या डोक्यावर ओझं चढवायचं आणि तुम्ही त्यांच्या. कोपरीहून नातवाबरोबर रिक्षाने आल्या होत्या. त्या पाराकडे बघत होत्या आणि काठावरून हात फिरवत होत्या. मी म्हटलं, "बसा ना, मावशी."

"बसू? चालंल?"

"तुमच्यासाठीच आहे."

त्या आधी अगदी कडेला टेकल्या. मग थोड्या मागे सरकल्या. मग चपला काढून, पाय वर घेऊन चांगली मांडी घातली. मुठीने दोनदा भिंतीवर ठोकलं आणि कान लावला. "गिलावा कुणी केला? लाटा आल्यात."

"मी."

"वाटलंच. आतलं काम मातूर लई पक्कं हाय. गोल बांधायचा म्हंजी विटा कापाव्या लागल्या असतील हरेक. मिस्तरी कोण व्हता?"

माझ्याकडे ती चिठ्ठी होती, त्यात सगळं होतं. पण मी एवढंच म्हटलं, "मिस्तरी आमच्या आत्या होत्या."

हौसाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग खाली, मांडीखालच्या पाराकडे बघितलं. डोळे भरून आले त्यांचे, पण तोंडावर हसू होतं, आणि त्या तिथूनच, कार्यक्रमाला आलेलं सगळं अंगण ऐकेल अशा आवाजात ओरडल्या, "अगं ए! शेवंता, ठकू, या की इकडं! आपल्या गयानं बांधलंय हे! गया मिस्तरी झालती!"

आणि आल्या, आत्या. खोलीतून, अंगणातून, पेडणेकर वहिनींच्या ओट्यावरून, तुमच्याबरोबर विटा वाहिलेल्या सगळ्या बाया आल्या. हात फिरवून बघत होत्या, ठोकून बघत होत्या, एकमेकींना सरकायला सांगत होत्या, आणि एकेक करत सगळ्या बसल्या, गोल, झाडाला पाठ लावून. पार भरला. मला बसायला जागाच उरली नाही.